गाडी गरम झाली तरी रेस उतरत नाही

थंडी सरता सरता आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते आहे. गाडी जुनी, उभी असताना रेस (इंजिनाचे फेरे) जास्त, मिस्त्रीकडे नेली की तो स्क्रू फिरवून देतो आणि आठवड्यात परत तेच. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रं इंदूरची आहेत, पण गाड्या सगळीकडच्या सारख्याच.

प्रश्न : माझी १९९६ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या यंत्राची). सकाळी चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा नॉब) ओढून सुरू करतो. लोकमान्यनगरहून विजयनगरला पोचेपर्यंत इंजिन चांगलं गरम होतं, तरी प्रत्येक सिग्नलला ते भणभणत राहतं. दोन मिस्त्रींनी ट्यूनिंग केलं. दोन-चार दिवस बरं वाटतं, मग कधी रेस चढते, कधी गाडी बंद पडते. तिसरा म्हणतो, कार्ब्युरेटर नवा टाका. टाकू का?

नका टाकू. तुमच्या वर्णनात कार्ब्युरेटर कायमचा गेल्याची एकही खूण नाही. शिवाय स्वस्तात मिळणाऱ्या नकली कार्ब्युरेटरांचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) इतके बेभरवशाचे असतात की मूळचा जुना नग साफ करून बसवलेला केव्हाही बरा.

उभ्या जागी पेट्रोल इंजिन किती फिरेल हे आत जाणाऱ्या हवेवर ठरतं. थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेवरच्या झडपेची, पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि स्लो स्क्रू तिला केसभर उघडी धरतो. रेस जास्त याचा अर्थ हवा जास्त जाते आहे. म्हणजे एक तर पाकळी पूर्ण मिटत नाही, नाहीतर पाकळीच्या खाली कुठून तरी चोरवाटेने हवा शिरते आहे. तिसरी शक्यता टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेची. ठिणगी लवकर पडत असेल तर तेवढ्याच हवेत इंजिन जोरात फिरतं. चौथं कारण शोधायला जाऊ नका, या तिन्हींतच उत्तर सापडेल. आणि स्लो स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

इंजिन पूर्ण गरम करा, चोकचा नॉब आत ढकला, दिवे-पंखा बंद करा. या गाडीला मिनिटाला साधारण ८५० ते ९५० फेरे बरोबर. टॅकोमीटर नसेल तर मिस्त्रीकडच्या डिजिटल टायमिंग लाइटवर आकडा दिसतो. कानावर भरवसा ठेवू नका. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थरथरतं, त्यामुळे ९०० सुद्धा कमी वाटतात आणि माणूस स्क्रू पिळत राहतो.

आता एअर फिल्टरचा डबा काढा आणि एक्सलरेटरच्या केबलचं टोक कार्ब्युरेटरच्या लिव्हरवरून सोडवा. रेस तेवढ्यानेच उतरली तर दोष केबलचा. बाहेरचं आवरण एक्झॉस्टजवळ वितळलेलं असतं, आतल्या तारेचा एखादा धागा पेडलकडच्या टोकाशी तुटून अडकतो, किंवा कोणीतरी केबल जरुरीपेक्षा ताणून बांधलेली असते. इंजिन गरम असताना केबलमध्ये ३ ते ५ मिमी ढील हवी. जाताजाता पेडलखाली घातलेली जाड मॅटही बघून घ्या. ती पेडलला टेकून बसते हे कित्येकांच्या ध्यानात येत नाही.

केबल सोडूनही रेस तशीच राहिली तर थ्रॉटलचा लिव्हर बोटाने बंद दिशेला दाबा. दाबल्यावर रेस उतरली, सोडल्यावर चढली, तर परतीची स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा दांड्यावर तेल-धुळीचा चिकटा बसला आहे. पेट्रोल आणि ब्रशने दांडा धुवा, पातळ तेलाचा एक थेंब सोडा, स्प्रिंग बदला. धुताना इंजिन बंद आणि थंड हवं, हे वेगळं सांगायला नको. याच वेळी चोकची वरची पाकळी बघा. नॉब आत असताना ती अगदी उभी हवी. चोक ओढल्यावर थ्रॉटल थोडा उघडा धरणारा एक कॅम असतो. चोकची केबल कडक झाली की नॉब आत गेलेला दिसतो, पण कॅम अर्ध्यावरच थांबतो. हिवाळाभर चोक वापरला आणि फाल्गुनात रेस चढली, तर संशय आधी इथे घ्यावा.

लिव्हर दाबूनही फरक नाही? मग स्लो स्क्रू किती फिरवला ते मोजत पूर्ण मोकळा करा, म्हणजे पाकळी मिटेल. निरोगी इंजिन इथे बंद पडतं किंवा धापा टाकतं. तुमचं तसंच आरामात फिरत राहिलं, तर कार्ब्युरेटरच्या तोंडावर जाड प्लायवूडचा तुकडा ठेवून ते झाका. तळहात ठेवू नका, बॅकफायर झाला, म्हणजे ज्वाळा उलटी आली, तर भाजेल. झाकताक्षणी इंजिन बंद पडलं तर हवा तोंडातूनच येत होती, म्हणजे पाकळी वाकडी बसली आहे किंवा तिचा दांडा झिजला आहे. झाकल्यावर इंजिन बंद न पडता रेंगाळत राहिलं किंवा उलट सुधारलं, तर हवा कार्ब्युरेटरच्या खालून शिरते आहे.

तुमच्या गाडीत आम्हाला हेच वाटतं. कधी चढते, कधी बंद पडते, असं दोन्ही होतं तेव्हा मिश्रण पातळ झालेलं असतं. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग) यांच्यामध्ये बेकेलाइटचा जाड इन्सुलेटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग असतं. वर्षानुवर्षं एका बाजूचा नट जास्त पिळला की हा इन्सुलेटर मधून धनुष्यासारखा वाकतो. सरळ पट्टी त्यावर उभी धरली की खालून उजेड दिसतो. ०.१ मिमीची पातळ फीलर पट्टी आत सरकली तर तो इन्सुलेटर गेला समजा. अॅल्युमिनियमचं बूड थोडंसंच वाकलं असेल तर सपाट काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून त्यावर घासून सरळ करता येतं. इन्सुलेटर मात्र नवाच घ्या. छोटी ग्वालटोलीत पार्ट घ्यायला जाल तेव्हा जुना सोबत न्या आणि भोकं एकावर एक ठेवून पाहा. बसवताना पॅकिंगला सिलिकॉनचा लेप देऊ नका. पेट्रोलने तो फुगतो आणि त्याचे तुकडे आत ओढले जातात. नट तिरप्या क्रमाने, दोन फेऱ्यांत, लहान पान्याने मनगटाच्या जोरावर कसा. लांब दांड्याचा पाना इथे शत्रू आहे.

पण खोलण्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते सिद्ध करा. फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी भरा आणि चालू इंजिनावर कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्ड जिथे हेडला मिळतो त्या सांध्यावर आणि प्रत्येक रबरी नळीच्या टोकाशी थोडं थोडं उडवा. गळतीवर पाणी पडलं की क्षणभर भोक बुजतं आणि रेस बदलते. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) आणि प्लगच्या वायरी फडक्याने झाकून ठेवा. काही मिस्त्री हीच तपासणी पेट्रोल ओतून करतात. गरम एक्झॉस्ट हातभर अंतरावर असताना तसं करू देऊ नका, मग ते कितीही मुरलेले असोत.

ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारी डबी) असेल तर त्याची जाड नळी फडकं गुंडाळलेल्या पकडीने दाबा. दाबल्यावर रेस जागेवर आली तर बूस्टरचा पडदा किंवा नळी फाटली आहे. ब्रेक दाबल्यावर पायाशी फुसफुस ऐकू येत असेल तर पडदाच. हे दुरुस्त होईपर्यंत गाडी खंडवा रोडच्या भेरूघाटात नेऊ नका. उतारावर चढलेली रेस गाडीला मागून ढकलते आणि ब्रेकला बूस्टरची मदत नसते, दोन्ही एकाच वेळी.

डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूमच्या नळीची गंमत वेगळी आहे. तिचं भोक कार्ब्युरेटरमध्ये मिटलेल्या पाकळीच्या किंचित वर असतं. पाकळी बरोबर बसलेली असताना या नळीत ओढ (व्हॅक्यूम) नसते. मिस्त्रीने स्क्रू जास्त पिळला की पाकळी त्या भोकाच्या वर सरकते, ओढ लागते, टायमिंग पुढे जातं आणि रेस आणखी चढते. म्हणूनच अशा गाडीत स्क्रू अर्धा आटा फिरवला की कधी काहीच होत नाही आणि पुढच्या पाव आट्यात इंजिन एकदम किंचाळतं. गरम इंजिनावर ही नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद करा. रेस पडली तर पाकळी नको तितकी उघडी आहे, हे पक्कं झालं. मग ती तशी का ठेवावी लागली ते शोधायचं.

बहुतेक वेळा कारण असतं स्लो जेट, म्हणजे कमी रेसवर पेट्रोल देणारा जेट. तो कचऱ्याने बुजला की इंजिन कमी रेसवर उभंच राहत नाही, म्हणून मिस्त्री थ्रॉटल उघडून गाडी चालू ठेवतो. गाडी गेटबाहेर पडते, गिऱ्हाईक खूश होतं आणि दोष आतच राहतो. ओळखायचं कसं? मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) हळूच आत घ्या. पूर्ण आत गेला तरी इंजिनाला काहीच फरक पडला नाही, तर स्लो सर्किटमधून पेट्रोल येतच नाही. जेट काढून क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेला. कार्ब्युरेटरवर पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड असेल तर चावी फिरवल्यावर त्याचा टिक आवाज यायला हवा. आवाज नसेल तर आधी त्याच्या वायरीवर १२ व्होल्ट येतात का ते बघा.

टायमिंग तपासताना डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) असतील तर फट ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. फट बदलली की टायमिंगही बदलतं, त्यामुळे आधी फट, मग टायमिंग. बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला अंश पाळा. पिकअप वाढावा म्हणून डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठेवलेला असतो आणि त्याची भरपाई स्क्रूने केलेली असते, असंही दिसतं.

हे सगळं झाल्यावर स्क्रूची पाळी. मिक्श्चर स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घ्या (जोर लावला तर सुईच्या टोकाला खाच पडते), मग दोन आटे बाहेर. इंजिन गरम करून स्लो स्क्रूने साधारण ९५० वर आणा. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव आटा फिरवत जास्तीत जास्त रेस जिथे मिळते ती जागा शोधा, पुन्हा ९५० वर आणा आणि मग मिक्श्चर स्क्रू थोडा आत घेत ९०० पर्यंत उतरवा. शेवटी पीयूसीच्या यंत्रावर बघा. या वयाच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. सेटिंग नीट असेल तर आकडा याच्या बराच खाली येतो. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त असा निकाल आला तर मिश्रण पातळ होऊन ठिणग्या फुकट जात आहेत, म्हणजे एखादी गळती अजून राहिली आहे. त्यामुळे नुसतं प्रमाणपत्र घेऊन येऊ नका, आकडे वाचा.

प्रश्न : सुदामानगरहून लिहिते. आमची २००३ची एमपीएफआय (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी) मारुती आहे. मागच्या उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकला. डिसेंबरपासून रेस १४००च्या खाली येत नाही. मग थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, तर आता रेस हजार ते दोन हजार अशी सारखी वर-खाली होते. काटा मात्र नॉर्मल दाखवतो.

ताई, यात दोन वेगळे घोटाळे एकमेकांवर बसले आहेत. पहिला सोपा आहे. थर्मोस्टॅट काढणं हा आपल्याकडचा उन्हाळी रोग आहे. गाडी तापत असेल तर कारण रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप किंवा हेडच्या पॅकिंगमध्ये असतं. थर्मोस्टॅट काढल्याने ते फक्त लपतं. एमपीएफआय गाडीचा संगणक पाण्याचं तापमान बघून पेट्रोल आणि रेस ठरवतो. पाणी गरमच होत नसेल तर त्याच्या दृष्टीने इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो रेस चढी ठेवतो आणि पेट्रोलही जास्त देतो. मायलेज पडला असेल तर नवल नाही.

नवा थर्मोस्टॅट आधी पातेल्यात तपासा. पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा. नगावर ८२ लिहिलेलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास झडप उघडायला लागली पाहिजे. बसवताना बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवा निघून जाते. नंतर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, पाणी खाली जाईल तसं भरत राहा आणि बुडबुडे थांबल्यावर झाकण लावा. पाण्यात हवेचा कोंडमारा राहिला तर सेन्सरच्या तोंडाशी वाफ किंवा हवा असते आणि तो चुकीचं तापमान सांगतो. भरायला साधं बोअरचं पाणी नको, कूलंट घाला.

काट्यावर जाऊ नका. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा, संगणकाचा वेगळा. काट्याच्या सेन्सरला सहसा एकच वायर असते, संगणकाच्या सेन्सरला दोन. दोन वायरींचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. २० अंशांच्या आसपास २ ते ३ किलोओम आणि ८० अंशांना ३०० ओमच्या जवळपास रोध हवा. गरम इंजिनावर हजाराच्या वर आकडा आला तर सेन्सर बदला. आकडा बरोबर असेल तर कनेक्टरच्या पिना बघा. हिरवट गंज चढला की रोध वाढतो आणि संगणकाला इंजिन थंडच दिसतं.

आता वर-खाली होणाऱ्या रेसचं. पाकळी बंद आहे, पण फेरे जास्त आहेत, असं दिसलं की गाडी उतारावर आहे असं समजून संगणक पेट्रोल तोडतो. फेरे पडतात, तो पेट्रोल परत देतो, फेरे पुन्हा चढतात. हा हेलकावा तिथून येतो. म्हणजे रोग मूळचा तोच, जादा हवेचा, फक्त इथे संगणक त्याच्याशी झुंजतो आहे. जादा हवा साफसफाईनंतर आली, तेव्हा आधी तिथेच बघा. थ्रॉटल बॉडी बसवताना पॅकिंग जुनंच लावलं का, एखादी बारीक नळी मागे सुटली आहे का, पाकळीच्या कडेवरचा कारखान्याचा पातळ थर पॉलिश पेपरने खरवडला का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाकळीच्या अटकाव स्क्रूला कोणी हात लावला का? त्यावर रंगाचा ठिपका असतो. ठिपका फुटलेला दिसला तर समजून जा. हा कार्ब्युरेटरचा स्लो स्क्रू नव्हे. तो फिरवला की पाकळीचा सेन्सर ‘बंद’ हा इशाराच द्यायचा थांबतो. बंद पाकळीला त्याचा व्होल्टेज साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो आणि पेडल दाबत जावं तसा तो न अडखळता वाढत गेला पाहिजे.

मग रेस सांभाळणारा व्हॉल्व्ह. पाकळीला वळसा घालून जाणाऱ्या हवेची वाट तो कमी-जास्त करतो. कार्बनने तो उघडा अडकला तर रेस चढीच राहते. काढून त्याच्या तोंडाशी क्लीनर मारा, मोटारीच्या बाजूला जाऊ देऊ नका. व्हॉल्व्ह तोंड वर करून धरला तर मैला द्रव आत उतरतो आणि चार दिवसांनी व्हॉल्व्ह मरतो, म्हणून तोंड खाली करून धरा. क्रँककेसची वाफ खेचणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही बघा. काढून हलवला की आत खुळखुळलं पाहिजे. त्याची नळी पकडीने दाबल्यावर रेस थोडी उतरते हे ठीकच आहे, पण दाबताच १४००ची ९०० झाली तर दोषी सापडला.

सगळं जोडून झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटं काढून ठेवा, मग इंजिन सुरू करून पेडलला पाय न लावता गरम होऊ द्या. जुन्या कार्बनशी जुळवून घेतलेलं संगणकाचं गणित पुसून नव्याने मांडलं जातं.

प्रश्न : घरात दोन टू-स्ट्रोक स्कूटर आहेत, एक चेतक आणि एक कायनेटिक होंडा. दोन्ही सात-आठ वर्षं उभ्या होत्या, आता सुरू केल्या. चेतकची रेस मूठ सोडल्यावरही आपोआप चढत जाते. कायनेटिक स्टँडवर असताना मागचं चाक जोरात फिरतं आणि उतरवली की पुढे पळायला बघते.

चेतक आजपासून चालवू नका. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं, त्यामुळे क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील हवाबंद असावे लागतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सीलचं रबर लाकडासारखं कडक होतं. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की तिथून कोरडी हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, रेस चढते. याच पेट्रोलात तेलही विरघळलेलं असतं, म्हणून पातळ मिश्रण म्हणजे कमी वंगण, आणि पुढची पायरी पिस्टन जाम. क्लचच्या बाजूचा सील गेला तर लक्षण वेगळं असतं. गिअरचं तेल आत ओढलं जातं, पांढरा धूर निघतो आणि तेलाची पातळी उतरत जाते.

खात्री करायला चढलेल्या रेसवर चोक ओढा. रेस शांत झाली तर हवा शिरते आहे. आधी स्वस्तातली शक्यता संपवा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंग, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग आणि हेडचे नट. तिथे काही नसेल तर मॅग्नेट उघडून सील बदला. फ्लायव्हील (मॅग्नेटचं चाक) काढायला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) हवा. हातोडीने काढणाऱ्याकडे गाडी देऊ नका, क्रँक वाकतो. एक सील बदलायला इंजिन उघडलंच आहे तर दुसराही बदलून घ्या. पेट्रोलात टू-टी तेल लिटरला २० मिलि घाला. ‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित’ म्हणून ४० घालू नका, प्लग काळा होतो आणि त्याच मापाच्या जेटमधून पेट्रोल मात्र कमी जातं.

कायनेटिकचं कारण बहुधा याहून साधं निघेल. ही गाडी शेजारच्या पीथमपूरची, त्यामुळे तिची नाडी ओळखणारे हात इंदुरात अजून सापडतात. तिला गिअर नाहीत. ठरावीक फेऱ्यांच्या वर गेलं की सेंट्रिफ्युगल क्लच आपोआप पकडतो आणि गाडी निघते. रेस त्या हद्दीच्या वर असेल तर तुम्ही म्हणता तसंच होणार. तिला चोक आपोआपचा आहे. थंड असताना जादा मिश्रणाची वाट उघडी असते, इंजिन चालू झाल्यावर विजेने आतला भाग तापतो आणि सुई खाली सरकून ती वाट बंद करते. चार-पाच मिनिटांनी त्या डबीला बोट लावून बघा. कोमट झाली नसेल तर तिला करंट येत नाही किंवा आतलं कॉइल जळलं आहे. डबी गरम होते आणि तरी रेस उतरत नाही, तर थ्रॉटलचा स्लाइड जुन्या पेट्रोलच्या डिंकाने चिकटला आहे का ते बघा. तेही नसेल तर चेतकसाठी लिहिलेली सीलची तपासणी इथेही लागू. स्टँडवर असताना चाक किंचित सरकतं, ते चालतं. हाताने धरल्यावर थांबत नसेल तर रेस जास्त आहे. धरताना हाताला जाड फडकं असू द्या.

प्रश्न : हँडल डावीकडे वळवलं की स्प्लेंडरची रेस वाढते. सरळ केलं की उतरते.

केबल आखूड पडते आहे. टाकीखालून किंवा हँडलच्या क्लॅम्पमधून ती चुकीच्या वाटेने ओढली गेली असेल. मूळ वाटेने बसवा आणि मुठीला २ ते ६ मिमी ढील ठेवा. मग हँडल दोन्ही टोकांना फिरवून ऐका. रेस १४००च्या आसपास, शंभर इकडे-तिकडे. ट्रॅफिकमध्ये वळताना रेस चढणं हा विनोद नाही, आजच करून घ्या.

प्रश्न : मुंबईहून बदली होऊन आलो. इंदूर उंचावर आहे म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीची रेस चढली असेल का?

नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. त्याने मिश्रण जरासं जाड होतं आणि रेस झालीच तर थोडी उतरते. गाडी ट्रकवरून आली असेल तर बांधाबांधीत केबल ओढली गेली आहे का ते बघा.

प्रश्न : सीएनजीवर रेस नऊशे, पेट्रोलवर टाकली की सोळाशे. कार्ब्युरेटरची गाडी, जुनं किट.

किट बसवणाऱ्याने गॅसवर गाडी उभी राहावी म्हणून थ्रॉटलचा स्क्रू चढवून ठेवला आहे. उलट क्रमाने करा. आधी पेट्रोलवर रेस आणि मिक्श्चर बरोबर लावा, मग गॅसवर टाकून रेग्युलेटरच्या स्लो स्क्रूने गॅसची मात्रा जुळवा. थ्रॉटलला पुन्हा हात नाही. तरीही गॅसवर गाडी उभी राहिली नाही, तर हवा-गॅस मिसळणाऱ्या मिक्सरच्या रिंगच्या सांध्यातून हवा जाते किंवा प्लग आणि वायरी जुन्या झाल्या आहेत. गॅसला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरदार लागते.

प्रश्न : एसी लावला की रेस दोनशेने वाढते. बिघाड आहे का?

नाही. कंप्रेसरचा भार पेलायला ती मुद्दाम वाढवलेली असते. एसी बंद केल्यावर ती खाली येत नसेल तर कार्ब्युरेटरवरचा आयडल-अपचा (एसीसाठी रेस वाढवणारा) पडदा किंवा त्याची नळी तपासा.

प्रश्न : शेतावरची जुनी डिझेल जीप आहे. रेस चढीच राहते, एकदा तर सुसाट चढली आणि चावीने बंदही होईना. पाण्याच्या फवाऱ्याने हवेची गळती सापडेल का?

डिझेलचा हिशेब निराळा. बहुतेक डिझेल इंजिनांत हवेची गळती झाल्याने रेस चढत नाही, कारण रेस पंपातून येणाऱ्या डिझेलवर ठरते. तिथे केबल, परतीची स्प्रिंग आणि पंपाचा अटकाव स्क्रू एवढंच बाहेरून बघायचं असतं. पण जुन्या काही पंपांवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर (फेरे आवरणारा भाग) असतो. मॅनिफोल्डवर एक पाकळी असते आणि तिथून पंपाच्या मागच्या बाजूला एक नळी जाते. अशी नळी तुमच्या जीपमध्ये असेल तर दोष बहुधा तिथेच आहे. या रचनेत स्प्रिंग डिझेलचा रॅक (मात्रा ठरवणारी दांडी) पूर्ण पुरवठ्याकडे ढकलते आणि ओढ पडद्याच्या मदतीने त्याला मागे धरते. नळी चिरली किंवा चामड्याचा पडदा फाटला की मागे धरणारं कोणी उरत नाही.

इंजिन बंद ठेवून तपासा. नळी पंपाच्या बाजूने काढा, पंपाचा स्टॉप लिव्हर पूर्ण ओढून धरा, नळीच्या जागेचं भोक बोटाने घट्ट दाबा आणि मग लिव्हर सोडा. पडदा शाबूत असेल तर लिव्हर थोडा परतून अडून राहतो. सरळ मागे गेला तर पडदा फाटलेला आहे. पंप तज्ज्ञाकडेच उघडायचा, शेतावर नाही.

आणि पुन्हा सुसाट चढली तर चावीशी झटापट नको. स्टॉप लिव्हर ओढा. त्याने जमलं नाही तर हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दाबून टॉप गिअर घाला आणि क्लच सोडून इंजिन मारा. तेही जमलं नाही तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबा. चिंधी किंवा हात नको, दोन्ही आत ओढले जातात.